गिड्ड्यांची वाटणी

आनंदाबाई गभणेच्या घरामागच्या वाडीतली कोंबडी दोन हातांच्या ओंजळीत मावते. पाय आखूड, शेपटी उभी आणि छाती अशी पुढे काढलेली की सगळी वाडी तिच्याच मालकीची वाटावी. शहापुरात या कोंबड्यांना कोणी जातीचं नाव दिलं नाही. सगळे त्यांना गिड्ड्या म्हणतात. पूर्वी त्या कलाबाईच्या गिड्ड्या होत्या, कलाबाई गेल्यावर आनंदाबाईच्या झाल्या.

कलाबाई आनंदाबाईची सासू. तिचं माहेर बपेऱ्याचं, तुमसरच्याही पुढे, मध्यप्रदेशच्या सीमेला लागून. लग्न होऊन शहापूरला आली तेव्हा ती एका टोपल्यात दोन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आली होती. घरातल्यांनी आधी नाकं मुरडली. एवढीशी कोंबडी, तिचं एवढंसं अंडं, आणि तेही महिन्यातून थोडेच दिवस. पण गिड्डीला बसण्याची हौस भारी. ती एकदा खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं थांबवून अंगाची ऊब धरून बसली, की तिच्याखाली कोणाचीही अंडी ठेवा, ती जीव लावून उबवायची. गावातल्या मोठ्या कोंबड्या अर्ध्यातच उठून जात. गिड्डी दाणे टिपायला उतरायची ती घाईघाईनं, आणि लगेच परत जाऊन बसायची.

त्यामुळे कलाबाईच्या दारी सारखं कोणी ना कोणी उभं असायचं. कोणाची अंडी जमली होती, कोणाची कोंबडी मुंगसानं नेली होती. कलाबाई दोघी सुनांपैकी एकीला हाक मारायची. थोरली रुखमा, धाकटी आनंदा. मग एक जण टोपल्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा घालून, वर लुगड्याचा तुकडा बांधून गिड्डीला त्या घरी पोचवून यायची. तीन आठवड्यांनी पिल्लं निघाली की गिड्डी घरी परत यायची, आणि तिच्यासोबत सूपभर कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, किंवा परड्यातली वांगी. एखाद्या घरी कलाबाई आपल्या गिड्डीची दोन अंडीही खुशीनं ठेवून यायची. असं करत करत गल्लीतल्या बऱ्याच घरी गिड्ड्या झाल्या. कोंबडा म्हातारा झाला की या घरचा त्या घरी जायचा.

आनंदाबाईला ते दिवस आजही नीट आठवतात. नवी सून म्हणून तिला गल्लीत कोणी ओळखत नव्हतं. टोपलं डोक्यावर घेऊन ती रुखमाच्या मागे मागे निघायची आणि प्रत्येक घरी रुखमा तिला पुढे करून सांगायची की ही आमची आनंदा, आता हिच्याच हाती कोंबडी धाडू. अंडं कानाशी हलवून कसं बघायचं, चिमणीच्या उजेडाशी धरून आत शिरा दिसतात का ते कसं ओळखायचं, हे तिला रुखमानंच शिकवलं. रुखमाला हसू फार. अंडं डोळ्याशी धरलं की तिला हसू यायचं आणि अंडं हातात थरथरायचं. मग कलाबाई आतून ओरडायची.

कलाबाई गेली आणि दुसऱ्याच वर्षी दोघा भावांची वाटणी झाली. थोरला टिकाराम, धाकटा सुखराम. शेताचं काही अडलं नाही. कलाबाईच्या निपुत्रिक भावाची बपेऱ्याची जमीन टिकारामनं घ्यायची आणि शहापूरची सुखरामनं, हे आधीच ठरल्यासारखं होतं. अडलं ते बैलजोडीपाशी. दोघांनी मिळून वाढवलेली जोडी होती. जोडी तोडायची नाही यावर दोघं ठाम होते, आणि सोडायलाही कोणी तयार नव्हता. शेवटी जोडी बाजारात गेली. कोण्या परक्या गावच्या माणसानं ती नेली, आणि ती विकायला तूच भाग पाडलंस असं दोघंही एकमेकाला म्हणत राहिले.

कोंबड्यांचं मात्र दोघी जावांनी सकाळी सकाळी आपसात उरकलं. गिड्ड्यांत काही काळ्या होत्या, काही ठिपक्यांच्या कबऱ्या. रुखमानं काळ्या घेतल्या, एक काळा कोंबडा घेतला. कबऱ्या आनंदाकडे राहिल्या. बैलगाडीत सामानाच्या वर ते टोपलं ठेवलं तेव्हा रुखमा म्हणाली होती की धान कापून झालं का येतो. ती आली नाही, म्हणजे तशी आली नाही. लग्नाकार्यात भेट व्हायची, गर्दीत, दोन वाक्यं बोलून. टिकाराम वारला तेव्हा तेरवीला आनंदाबाई सुखरामसोबत बपेऱ्याला जाऊन आली, पण अशा वेळी कोंबड्यांचं कोण विचारतं? आणि भावाभावांत जो अबोला होता, तो बायकांनी ओलांडला तर नवऱ्यांना काय वाटेल, या भीतीत वर्षं निघून गेली.

मधल्या काळात शहापूर बदललं. हायवे रुंद झाला. रस्त्याकडची घरं मागे सरली, वाड्या आखूड झाल्या, आणि कोंबडी चरत चरत रस्त्यावर गेली की परत येईना. मोटारसायकलवर जाळीच्या पेट्या बांधून पिल्लं विकणारे येऊ लागले. रंग दिलेली, यंत्रात निघालेली पिल्लं. खुडूक कोंबडी मागायला आता कोण येणार? एका उन्हाळ्यात मानमोडी आली आणि गल्लीतल्या घरांतल्या गिड्ड्या माना वाकड्या करून मेल्या. आनंदाबाईच्या तेवढ्या वाचल्या, कारण तिच्या वाडीला कुंपण होतं आणि तिनं कोंबड्यांना वेळेवर लस टोचून घेतली होती. त्या वाचल्या, पण एकट्या पडल्या. आता कोंबडा बदलायला शेजारी दुसरा कोंबडाच नव्हता. त्याच घरचा कोंबडा, त्याच घरच्या कोंबड्या, बापाच्या लेकी आणि भावाच्या बहिणी.

सुरुवातीला तिच्या लक्षात आलं नाही. मग अंड्यांचं बिनसू लागलं. कधी बिनकवचाचं, नुसत्या कातडीचं अंडं तणसात पडलेलं मिळायचं. कधी पिल्लू निघायचं ते पाय फाकवून पडायचं. गेल्या पावसाळ्यात तिची आवडती कोंबडी, जिला ती चिमी म्हणायची, सकाळपासून एका कोपऱ्यात शेपटी खाली टाकून उभी राहिली. बसायची, जोर करायची, पुन्हा उठायची. आनंदाबाईनं पोटाखाली हात घातला आणि तिला कळलं. अंडं अडलं होतं.

तिनं चुलीवर पाणी कोमट केलं, घमेल्यात ओतलं आणि चिमीला पोटापर्यंत त्यात धरून बसली. पोट दाबायचं नाही हे तिला ठाऊक होतं. आत अंडं फुटलं तर कोंबडी जाते. सुखराम पडवीत बसून बघत होता. तो या कोंबड्यांच्या भानगडीत कधी पडत नसे, पण त्या दिवशी दोनदा पाणी गरम करून त्यानंच आणून दिलं. मग आनंदाबाईनं मागच्या बाजूला खोबरेल लावलं, चिमीला फडक्यात गुंडाळून अंधाऱ्या खोलीत टोपल्याखाली ठेवलं. दुपार कलल्यावर टोपलं उचललं तर अंडं पडलेलं होतं. लांबट, खरबरीत, एका बाजूनं चपटं. चिमी बाजूला डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती चिमीला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथे नवीन आलेली तृप्ती नावाची डॉक्टर होती, तरुण पोरगी. तिनं कोंबडी तपासली, औषध दिलं, शिंपल्याचा चुरा खायला घालायला सांगितला. आनंदाबाईनं पिल्लांचं सांगितलं तेव्हा तिनं न निघालेली अंडी घेऊन यायला सांगितलं. ती आनंदाबाईसमोरच फोडली. दोन अंड्यांचं आत पाणी झालं होतं. बाकीच्यांत पिल्लू होतं, पिसं फुटलेलं, चोच असलेलं, आतल्या आत मेलेलं.

तृप्तीनं तिला समजावून सांगितलं. कोंबडा अगदी निकामी नाही, नाहीतर एवढंही पिल्लू धरलं नसतं. पण इतक्या वर्षांत सगळ्यांचं रक्त एक झालंय, म्हणून जीव धरतो आणि टिकत नाही. बाहेरचं रक्त आणायला हवं, आणि तेही याच ठेवणीचं. आनंदाबाई घरी येताना वाटभर विचार करत होती. सासूनं ज्या रीतीनं कोंबडे घरोघरी फिरवले, ती रीत ती फक्त शेजारधर्म समजत आली होती.

सुखरामनं सोपा उपाय काढला. भंडाऱ्याच्या बाजारातून एक गावरान कोंबडा आणला. चांगला उंच, तांबडा. तो गिड्डीच्या पाठीवर चढला की ती खाली चेपून जायची. आठवड्याभरात चिमीच्या पाठीची पिसं उपटली गेली आणि एकीच्या कुशीला नख्यांनी चीर पडली. आनंदाबाईनं जखमेला हळद लावली आणि कोंबडा सुखरामच्या हवाली केला. त्याचा रस्सा झाला. आनंदाबाई त्या दिवशी वरणभात जेवली.

जेवताना सुखराम मान वर न करता म्हणाला, "बपेऱ्याले असतीन."

आनंदाबाईला वाटलं, आपल्याला ऐकण्यात चूक झाली.

"काळ्या गिड्ड्या," तो म्हणाला. "मोठ्या वैनीपाशी. फोन लावून पाय."

नंबर मिळायला वेळ लागला. रुखमाबाईच्या सुनेचा, उर्वशीचा नंबर एका नातेवाइकाकडे निघाला. उर्वशीनं फोन सासूच्या हातात दिला.

"मोठी बाई, मी आनंदा बोलून राहिली."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"शहापूरची?" रुखमाबाईचा आवाज घाबरला होता. "सुखरामभाऊजी बरे हायेत ना?"

"बरे हायेत. मी कोंबड्यायसाठी फोन केला. तुमच्यापाशी काळ्या गिड्ड्या हायेत का अजून?"

 रुखमाबाई हसली. वय झालेलं, खोकल्यात अडकणारं हसू होतं, पण आनंदाबाईनं ते ओळखलं.

"हाय," ती म्हणाली. "एकच हाय."

धान निघून गेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तणसाचे ढीग लागले होते. आनंदाबाई भंडाऱ्याहून तुमसर आणि तुमसरहून सिहोऱ्यावरून बपेऱ्याला पोचली, मांडीवर टोपलं घेऊन. टोपल्यात कबरा कोंबडा होता. म्हातारा, नख्या वाढलेला. आदल्या दिवशी तिनं त्याच्या नख्या कापल्या होत्या आणि तृप्तीनं सांगितल्याप्रमाणे, जोडा लागताना आड येऊ नयेत म्हणून, मागची दाट पिसं कातरली होती. तिचा बेत साधा होता. कोंबडा दाखवायचा, काळी कोंबडी मागायची, दोघांना घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. 

रुखमाबाई दारात उभी होती. कमरेत वाकली होती, केस सगळे पांढरे. तिनं आधी टोपल्यावरचं फडकं उचललं, कोंबड्याकडे पाहिलं, आणि मग आनंदाबाईच्या तोंडावरून हात फिरवला.

काळी गिड्डी अंगणात चुलीजवळच्या राखेत लोळत होती. तशीच ठेवण, तशीच उभी शेपटी. आनंदाबाईनं तिला उचललं आणि वजनावरूनच तिला कळलं की ही कोंबडी धड आहे. तिचे गेल्या वर्षीपर्यंत सोबती होते. रानमांजरानं एकेक करून नेले. कोंबडाही गेला. तेव्हापासून ती रिकाम्याच जागी खुडूक बसायची आणि रुखमाबाई तिला हुसकून लावायची.

चहा झाल्यावर आनंदाबाईनं मनातलं सांगितलं. रुखमाबाईनं मान हलवली.

"ते मी नाई देत, आनंदा. एकलीच हाय माह्यापाशी. सकाळी दार उघडलं का तेच पायात येते. तू कोंबडा ठेवून जाय. आन तू बी राहून जाय."

आनंदाबाई राहिली. एका रात्रीचं म्हणून राहिली आणि आठवडा झाला. कोंबडा पहिले दोन दिवस टोपल्यामागे दबून बसला. काळी त्याच्या अंगावर धावून जायची. तिसऱ्या दिवशी त्यानं कनकीचा दाणा चोचीत धरून तिला बोलावलं, तो पुन्हा खाली ठेवला, पुन्हा उचलला. दोघी जावा ओट्यावर बसून लग्नघरातल्या बायकांसारख्या बघत होत्या. काळीनं दाणा खाल्ला तेव्हा रुखमाबाईनं आनंदाबाईला कोपरानं ढोसलं.

त्याच दिवसांत कधीतरी, उन्हात तांदूळ निवडत असताना, बैलांचा विषय निघाला. रुखमाबाईनंच काढला. तिनं सांगितलं की इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी टिकाराम कोणाला न सांगता ती जोडी शोधायला निघाला होता. बाजारात दलालाला विचारलं, तिथून एका गावी गेला, तिथून दुसऱ्या. जोडी सापडली असती तर विकत घेऊन शहापूरला, भावाच्या दारी नेऊन बांधायची, असं त्याच्या मनात होतं. चार दिवस फिरून रिकाम्या हातानं परत आला. जेवला नाही. पुढे कोणी बैलांचं नाव काढलं की उठून जायचा.

"हे तुमी कधी सांगितलं काहून नाई?" आनंदाबाईनं विचारलं.

"त्यायनं शपथ घातली होती. आन मंग ते गेल्यावर कोनाले सांगू? भाऊजी तेरवीले आले, आन बाहेरच्या बाहेर बसून निंगून गेले."

आनंदाबाई घरी आली ती रिकामं टोपलं घेऊन. तिचा चेहरा बघून सुखरामनं कोंबडी कुठे म्हणून विचारलं नाही.  दोन दिवस तिनं बैलांची गोष्ट मनात घोळवली. मग सुखराम गायीला चारा टाकत असताना तिनं सगळं सांगितलं. तो हातातला पेंढा तसाच धरून उभा राहिला.

"जोडी भेटली नाई ना?" त्यानं विचारलं.

"नाई."

त्यानं पेंढा गायीपुढे टाकला आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला की पिल्लं निघाली की आणायला मी पण येतो.

काळीनं अंडी दिली ती सावकाश, तिच्या मनाप्रमाणे. उर्वशी फोनवर रोजचं सांगायची. काळी खुडूक झाल्यावर रुखमाबाईनं तिला तणसात बसवलं, आणि आठवड्यानं उर्वशीनं मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरून पाहिली. रुखमाबाईला आता ते दिसत नव्हतं. जवळपास सगळ्यांत शिरा धरल्या होत्या. तरीही आनंदाबाईच्या जीवाला चैन नव्हतं, कारण तिच्याकडेही शिरा धरायच्या आणि पिल्लं शेवटी शेवटी मरायची. तिनं फोन करकरून सांगितलं की अंड्यांवर थोडा पाण्याचा शिपका मारा, काळीला हलवू नका. शेवटी रुखमाबाईनंच फोन घेऊन तिला गप्प केलं. कोंबडी बसवायले मी तुले शिकवलं का तू मले, असं म्हणाली.

पाच पिल्लं निघाली. एका अंड्यातलं पिल्लू कवचाला टोचा मारून थांबलं आणि तिथेच गेलं. पाचातलं एक पुढे घारीनं नेलं. चार राहिली: दोन काळी, एक कबरं, आणि एक असं की त्याचा रंग धड कोणताच नव्हता. पायावर भक्कम होती. तृप्तीनं आनंदाबाईच्या फोनवर फोटो पाहिला आणि पुढे कोणाशी कोणाचा जोडा लावायचा, भावाबहिणींना कसं वेगळं ठेवायचं, हे समजावून सांगितलं. आनंदाबाईनं ते दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

पिल्लं आईवेगळी होण्याजोगी झाली तेव्हा सुखराम आणि आनंदाबाई बपेऱ्याला गेले. सुखराम या वेळी अंगणात थांबला नाही. चपला काढून आत गेला, भिंतीवरच्या टिकारामच्या फोटोखाली बसला. रुखमाबाईनं पाणी दिलं. तो म्हणाला, "वैनी, तुमी एकदा शहापूरले या ना. लगित दिवस झाले."   रुखमाबाईनं त्याच्या ताटात भात जास्त वाढला आणि त्यानं तो सगळा खाल्ला.

निघताना पिल्लांची वाटणी झाली. एक काळी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणि एक कबरा नर आनंदाबाईच्या टोपल्यात गेले. दोन पिल्लं रुखमाबाईकडे राहिली. म्हातारा कबरा कोंबडा न्यायचा का, असं सुखरामनं विचारलं. कोंबडा काळीच्या मागे मागे राखेत चालला होता, आणि त्याला पकडायला कोणी उठलं नाही.

शहापूरच्या वाडीत चिमीनं आणि बाकीच्या कोंबड्यांनी नव्या कोंबड्याला महिनाभर जवळ येऊ दिलं नाही. तो अजून नीट आरवतही नव्हता, अर्ध्यातच आवाज फुटायचा. उन्हाळा संपता संपता मात्र त्याचं बस्तान बसलं. सगळं काही सुरळीत झालं असं नाही. चिमीचं अंडं अजूनही अधूनमधून पातळ कवचाचं येतं, तृप्ती म्हणते की तिला आता बसवू नका. पण दुसऱ्या एका कबरीखाली निघालेली पिल्लं निघाल्या दिवशीच पळू लागली. समोरच्या घरातल्या नव्या सुनेनं ती कुंपणावरून पाहिली आणि एवढीशी कोंबडी आणि तिची एवढी पिल्लं, म्हणून हसत सुटली. आनंदाबाईनं तिला आत बोलावलं आणि एक पिल्लू तिच्या हातात दिलं.

रुखमाबाई श्रावणात शहापूरला आली. उर्वशीनं तिला गाडीत बसवून दिलं, सुखराम भंडाऱ्याच्या स्टँडवर आणायला गेला होता. हायवेच्या कडेनं येताना ती आपली जुनी गल्ली शोधत राहिली. ज्या घरांत दोघींनी टोपली पोचवली होती त्यांतली बरीच घरं आता नाहीत. कोणाचं घर कुठे होतं यावर दोघी जावा संध्याकाळी पडवीत बसून वाद घालत होत्या, आणि सुखराम मधूनच दोघींना चुकीचं ठरवत होता.